सगळे पोर्ट एकाच ब्रिजमध्ये? थांबा जरा!

जळगाव-धुळ्याच्या दुकानांत एक गोष्ट नेहमी दिसते. जुन्या पीसीवर ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं, राऊटर बनवायचा आणि सगळे पोर्ट बीआर-लॅन ब्रिजमध्ये टाकून मोकळं व्हायचं. बिलिंग, कॅमेरे, गिऱ्हाईकाचं वायफाय, सगळं एकत्र. माझं स्पष्ट मत आहे, हे चुकतंय.

ब्रिज म्हणजे मधली भिंत पाडून दोन गाळे एक करणं. ब्रिजमधली डिव्हाइस थेट एकमेकांशी बोलतात, झोनचं फायरवॉल मध्ये येत नाही. म्हणजे फुकट वायफाय घेणारा तुमच्या टॅलीच्या कॉम्प्युटरच्या दारापर्यंत पोचतो.

मी स्वतः ठेच खाल्लीय. दिवाळीच्या गर्दीत दुकानातल्या पोराने स्विचमधून राऊटरला दुसरी केबल लावली. दोन्ही पोर्ट एकाच ब्रिजमध्ये, एसटीपी बंद. लूप झाला, बिलिंग ठप्प! दोन तास वहीवर बिलं लिहिली. चूक पोराची नाही, माझी. ओपनडब्ल्यूआरटीत एसटीपी आपोआप चालू नसतं, ते आपणच करायचं असतं.

म्हणून भाऊ, एवढं करा. नुसते पोर्ट वाढवायचे असतील तर साधा स्विच घ्या. ब्रिजचं ओझं पीसीच्या सीपीयूवर पडतं. गिऱ्हाईकाला वेगळा इंटरफेस, वेगळी आयपी रेंज, वेगळा फायरवॉल झोन द्या आणि त्या झोनला फक्त इंटरनेटकडे जाऊ द्या. आयपी पत्ता ब्रिजला द्या, आतल्या पोर्टला नाही. एक पोर्ट ब्रिजबाहेर ठेवा, सेटिंग बिघडली तर आत शिरायला.

गल्ल्याची किल्ली आपण कुणालाही देत नाही. मग नेटवर्कची का द्यायची?