खेळाडू घेताना मंडळाने काय विचारावे : पेण व रोहा तालुक्यांतील कबड्डीपटू, पालक आणि पंचांचे मागणीपत्र

प्रति,
अध्यक्ष व पदाधिकारी,
पेण व रोहा तालुक्यांतील सर्व कबड्डी मंडळे आणि स्पर्धा संयोजक

विषय : गंभीर गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेल्या खेळाडूंना संघात घेण्याबाबत लेखी नियम करणे.

महोदय,

भातकापणी उरकली की आपल्याकडे मैदाने आखली जातात आणि त्याच सुमारास खेळाडूंची पळवापळवीही सुरू होते. चढाईला कोण, डाव्या कोपऱ्यात कोण, यासाठी रात्री उशिरापर्यंत फोनाफोनी चालते. गुडघा बरा झाला का, हे आवर्जून विचारले जाते. खुनाचा किंवा बलात्काराचा खटला चालू आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. ठाऊक असले तरी ‘तो त्याचा खासगी मामला, आपल्याला चढाईशी मतलब’ म्हणून विषय मिटवतात. आमची हरकत नेमकी या वाक्याला आहे.

खेळाशी बेइमानी केली तर क्रीडासंस्था असे म्हणत नाहीत. 2013 च्या आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंग प्रकरणात बीसीसीआयने क्रिकेटपटू श्रीशांत आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तरी बंदी उठली नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतवरील दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण शिक्षा किती असावी याचा फेरविचार करायला सांगितले. पुढे दोघांचीही बंदी 7 वर्षांवर आली. म्हणजे फौजदारी निकालापेक्षा वेगळी मोजपट्टी लावण्याचा अधिकार क्रीडासंस्थेला आहे, आणि ती लावताना प्रमाण सोडता येत नाही. फिक्सिंगला सात वर्षे आणि माणसावरच्या अत्याचाराला ‘खासगी मामला’, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्स या फुटबॉल क्लबने 2022 च्या जानेवारीअखेर डेव्हिड गुडविली याला करारबद्ध केले. 2017 मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला बलात्कारी ठरवले होते. फौजदारी खटला चाललाच नव्हता. महिला संघाच्या कर्णधाराने क्लब सोडला, लेखिका व्हॅल मॅकडर्मिड यांनी प्रायोजकत्व काढून घेतले आणि काही दिवसांतच ‘तो आमच्याकडून खेळणार नाही’ असे क्लबला जाहीर करावे लागले. आधी विचार केला असता तर ही नामुष्की टळली असती.

आपल्याकडे तर गाव लहान. पीडित मुलीचे घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर असू शकते. रात्री अकराला लाऊडस्पीकरवरून आरोपीच्याच नावाचा पुकारा होतो, ‘उत्कृष्ट चढाई’ची रोख रक्कम दिली जाते, पोरे त्याला खांद्यावर घेतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच मातीत शाळकरी मुली सरावाला येतात. आई-बाप काही न बोलता मुलीला घरी बसवतात. मंडळाला वाटते, पोरीची आवड संपली.

दुसरी बाजूही आम्हाला ठाऊक आहे. भावकीच्या भांडणात परस्परविरोधी तक्रारी कशा होतात, हे या तालुक्यांत कोणाला सांगायला नको. 2008 मध्ये पेणच्या 22 गावांनी सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यावी का, यावर मतदान केले. अशा जमिनीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यावर लागलेले कलम आणि खुनाचे कलम आम्ही एका मापाने मोजत नाही. नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने याला जानेवारी 2024 मध्ये बलात्काराच्या खटल्यात 8 वर्षांची शिक्षा झाली आणि मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. म्हणून नुसत्या गुन्हा नोंदीवरून कोणाला घरी बसवा, असे आम्ही म्हणत नाही.

आमच्या मागण्या अशा. खेळाडू घेताना मंडळाने त्याच्याकडून लेखी निवेदन आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला घ्यावा. विचारणा खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, पोक्सोखालील गुन्हे, हुंडाबळी आणि ॲसिड हल्ला एवढ्यापुरतीच असावी. अल्पवयात घडलेल्या चुकीबद्दल विचारू नये. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 24 अशा मुलाला सहसा पुढे कोणतीही अपात्रता लावू देत नाही.

यांपैकी एखाद्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झाले असेल, तर निकालापर्यंत त्या खेळाडूला सामन्यात उतरवू नये. ही शिक्षा नव्हे, तात्पुरती स्थगिती आहे. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तिचा फेरविचार व्हावा. निर्दोष सुटला, तर त्याच लाऊडस्पीकरवरून त्याचे नाव सन्मानाने पुकारावे.

शिक्षा भोगून आलेल्याला खेळायची वाट मोकळी असावी का, यावर आमच्यातही वाद झाला; काही पालक अजून राजी नाहीत. बहुमताने ठरले ते असे : शिक्षा संपल्यावर त्याने खेळावे, पण कर्णधारपद, बॅनरवरचा फोटो आणि मुलामुलींचे प्रशिक्षण त्याच्याकडे देऊ नये. लहान मुलांवरील लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला मात्र, मुले सराव करतात त्या मैदानावर मंडळाने कधीच आणू नये.

निर्णय तिघांच्या समितीने घ्यावा. त्यात किमान एक महिला आणि एक मंडळाबाहेरची व्यक्ती असावी. प्रायोजक किंवा संघमालक त्यात नको. कारणे गोपनीय ठेवावीत, कारण छोट्या गावात आरोपीचे प्रकरण फलकावर लावले की पीडितेची ओळख आपोआप उघड होते आणि कायद्याने तो गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यात क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे ठिकाणही येते. म्हणून त्या कायद्याखालील तक्रारी घेणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा संपर्क क्रमांक प्रत्येक मैदानावर लावावा.

चांगला चढाईपटू गेला तर चषक जाईल, हे आम्ही जाणतो. आमच्यातले काहीजण त्याच चषकांसाठी खेळतात.

येत्या हंगामाची खेळाडू नोंदणी सुरू होण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे. ज्या मंडळाकडून ते येणार नाही, त्याच्या स्पर्धेत या पत्रावर सही केलेले पंच शिट्टी हाती घेणार नाहीत आणि आमच्या मुली त्या मैदानावर उतरणार नाहीत.

आपले,
पेण व रोहा तालुक्यांतील कबड्डी खेळाडू, पालक व पंच