'नैसर्गिक' पिशवीत नत्र किती?



गिरगाव-दादरच्या गॅलरीत कुंडी ठेवणारा माणूसही खत विकतच घेतो. पिशवीवर 'नैसर्गिक' छापले की त्याला शंका उरत नाही. पण कुंडीत घटपर्णीसारखे किडे खाणारे झाड असेल आणि त्याने मूठभर गांडूळखत घातले, तर झाड मरायला टेकते.

कारण सरळ आहे. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर दवबिंदू, सीतेची आसवं ही असलीच झाडे पावसाळ्यात उगवतात. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, तोही आम्ल, नत्र नावालाच. ती तूट ही झाडे किडे धरून भरतात. डार्विनचे यावरचे पुस्तक 1875 सालचे. दवबिंदूच्या पानावर त्याने साखर, पिष्ट ठेवले, पान हलले नाही. मांस, दूध ठेवले, पान वळले. नत्र कशात आहे हे पानाला कळते. मुळांना मात्र क्षार सोसत नाहीत. म्हणून कुंडीत खत नाही; शेवाळाचे पीट, धुतलेली वाळू आणि पावसाचे पाणी.

आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात सामू आठच्या आसपास. इथला हिशेब वेगळा. परळ-लालबागच्या गिरण्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या रुई पुरवली; त्या रुईतून रानाचे नत्र फारसे गेले नाही. रुई म्हणजे हवेतला कार्बन. नत्र गेले सरकीत, आणि पऱ्हाटी पेटवली तेव्हा धुरात.

ते परत कसे आणायचे? शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा, म्हणजे टनाला 5 किलो. युरियाच्या 45 किलोच्या पिशवीत जवळपास 21 किलो. तरीही शेणखत हवेच, कारण ते ओल धरते आणि कोरडवाहूत ओल हेच भांडवल. पण 1 टक्का नत्राची 40 किलोची 'नैसर्गिक' पिशवी घेतली तर हाती 400 ग्रॅम नत्र येते, आणि एकरभर रानात तेवढ्याने ओलही टिकत नाही. दोन्हीकडून तोटा.

खत नैसर्गिक की रासायनिक हा वाद ज्यांना करायचा त्यांनी करावा. आपण तीन प्रश्न विचारू. माझ्या मातीत कमी काय? पिशवीत ते किती टक्के? किलोमागे भाव काय पडला?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना माती तपासणीचा कागद आणि खताची पावती सोबत आणा. हिशेब तिथेच मांडू.