शेण कोण मारणार?

गेल्या ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी, आमच्या विहारातील मुलांनी जवळच्या शाळेत एक नाटिका केली. वेळ पंचवीस मिनिटे. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटे मुलांना गप्प बसवण्यातच जातात! सामान म्हणजे एक बाक, एक पाटी आणि दोन लुगडी. पडदा नाही, माईक नाही.

साल १८४८, पुण्यातला भिडेवाडा. माई शाळेकडे निघतात, वाटेत लोक शेण-चिखल फेकतात, शाळेत पोचल्यावर त्या पिशवीतले दुसरे लुगडे नेसतात. तालमीत गाडी नेमकी इथेच अडली. जोतीराव व्हायला सात मुले पुढे आणि शेण मारायला एकही नाही. "काका, माईला कसं मारायचं?" आम्ही आमच्या कारकुनी डोक्याने चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचे नाव निघाले तो पोरगा रडायलाच लागला. शेवटी ओल्या चिंध्यांचा गोळा करून दिला, तरी पठ्ठ्या मुद्दाम नेम चुकवी.

शाळेतील एक गुरुजी म्हणाले, हा प्रसंग गाळा, उगाच कटुता नको. आम्ही नम्रपणे नकार दिला. शेणच गाळले तर दुसऱ्या लुगड्याला अर्थ काय उरला? हार घातलेला फोटो मुलांनी पुष्कळ पाहिला आहे.

नाटकातून शिकवणे ही काही आमची नवी युक्ती नव्हे. खुद्द जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राईज कमिटीकडे दिले होते. कमिटीने ते पत्करले नाही. भटजीने नाडलेले शेतकरी जोडपे त्यात अखेर रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. पुढे भीमराव कर्डक आदींच्या जलशांनी तेच काम केले. अक्षर न वाचता येणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला बाबासाहेब काय म्हणतात ते जलशात कळले.

त्याच १८५५ मध्ये जोतीराव-माईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आमची सहावीतली मुक्ता पाटी छातीशी धरून उभी राहिली, तेव्हा मागे दाराशी उभ्या असलेल्या एक ताई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. चौथीतून शाळा सुटलेल्या, आता चार घरची धुणीभांडी करतात. खेळ संपल्यावर त्यांनी तो निबंध मागून नेला. मुलीकडून वाचून घेऊ, म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. शेवटी मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. चौथीतली एक चिमुरडी उठली, म्हणाली, "शेण मारणाऱ्यांच्या घरी मुली नव्हत्या का?"

होत्या, आम्ही म्हणालो. मग त्या मुलींना कोणी शिकवलं? या प्रश्नावर घंटा झाली, आम्ही वाचलो. पण १० मार्चला, माईंच्या स्मृतिदिनी, त्याच शाळेत पुन्हा खेळ आहे. ती पोरगी पहिल्या रांगेत बसणार, असा तिचा निरोप आला आहे.