पट कमी म्हणून शाळा बंद नको

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. इतक्या कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. बहुतेक वाड्या, वस्त्या आणि पाड्यांवरच्या.

कागदावर हा हिशेब जुळतो. पण सात वर्षांची मुलगी ऐन पावसाळ्यात भरलेला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी कशी जाणार, हे त्यात कुठेच येत नाही. तिला नेणाऱ्या वाहनाची सोय आठवडाभर बंद पडली, तरी तिची शाळा सुटते. आणि शाळा लांब गेली की आधी मुलींनाच घरी ठेवले जाते.

पट घटण्याची कारणे शाळेबाहेरही आहेत: स्थलांतर, शिक्षकांची रिक्त पदे, निवडणुकीपासून सर्वेक्षणांपर्यंतची अशैक्षणिक कामे. त्यावर उपाय न करता शाळाच हलवणे हा अन्याय आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा शाळा गावापर्यंत नेण्याची जबाबदारी राज्याने घेतली होती.

कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. पालकांनी या बैठकांना जावे, शाळा टिकवण्याचा ठराव करावा आणि ग्रामसभेतही तो मांडावा.