‘अ‍ॅडजस्ट’ कोणी करायचे?

कुर्ल्याला लेडीज डब्यात शिरताच ऐकू येते, ‘जरा अ‍ॅडजस्ट करा.’ तिघींच्या बाकावर चौथी टेकते. प्रत्येकीला थोडे सरकावे लागते. हाच शब्द माहेरी, पोलीस चौकीत येतो तेव्हा मात्र सरकायचे एकट्या बाईने. मार खाऊनही ‘अ‍ॅडजस्ट कर’. इंग्रजीत अर्थ जुळवून घेणे. आपल्याकडे तो सोसणे झाला.

1983 साली सासरचा छळ कलम 498अ खाली गुन्हा ठरला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. म्हणजे जागा तिचीही आहे! मैत्रिणींनो, समुपदेशन करताना आपल्याही तोंडी हा शब्द येतो. तो उच्चारण्याआधी विचारू या, समोरचा किती सरकला?