पोरगी खेळते, पण पुढं काय?

परवा धाकटा भाऊ घरी आला होता. त्याची पोरगी दहावीत आहे, खो-खो खेळते. शाळेतले सर म्हणतात, पोरीत दम आहे. वाशिमला सामने असले की भाऊ स्वतः गाडीवर सोडून येतो. म्हणजे हा काही पोरीला घरात कोंडणारा बाप नाही. तो म्हणाला, "दादा, खेळू देतो मी तिला. पण पुढं काय, ते तू सांग."

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. दोन दिवसांनी विसरलो.

धाराशिवची सारिका काळे घ्या. भारताची कर्णधार, 2020 चा अर्जुन पुरस्कार. पोट भरलं कशावर? क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी लागली त्यावर. चांगलंच झालं. पण याचा अर्थ पाहा. आपल्याकडे पोरीसाठी खेळ म्हणजे नोकरीची शिडी. दहावी-बारावीला वाढीव गुण, सरकारी भरतीत 5 टक्के आरक्षण. खेळ हीच नोकरी, असं नाही. शिडीवर जागा थोड्या, चढणाऱ्या हजार. बाकीच्यांचं बारावीनंतर लग्न.

पोरांचं तसं नाही. 2014 पासून प्रो कबड्डी आहे. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाली, पण तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच. मुलींच्या कबड्डीला 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा मिळाली होती. ती त्या एका वर्षापुरतीच.

"पोरींचे सामने पाहायला येतं कोण?" असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतो. खो-खो जसा आपला, तसा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, बाहेर फारसा कोणी खेळत नाही. तिथली एरिन फिलिप्स लहानपणी पोरांसोबत हा खेळ खेळायची. वडील नावाजलेले खेळाडू. पण 13 वर्षांची झाल्यावर मुलीला पुढं रस्ताच नव्हता. ती बास्केटबॉलकडे गेली, ऑलिम्पिकपर्यंत पोचली. 2017 मध्ये महिलांची लीग निघाली तेव्हा ती 31 वर्षांची होती. परत आली आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरली.

त्या लीगच्या पहिल्या सामन्याला मेलबर्नमध्ये 24,500 च्या वर लोक आले, मैदानाचे दरवाजे बंद करावे लागले. 2019 च्या अंतिम सामन्याला 53,000 च्या वर. सुरुवातीला पगार तुटपुंजा होता, बहुतेक जणी दुसरी नोकरी सांभाळून खेळायच्या. पण 8 संघांचे पुढे 18 झाले. गर्दी आधी आली नव्हती, आधी लीग आली.

लांब कशाला जायचं? सांगलीच्या स्मृती मानधनाला 2023 च्या लिलावात 3 कोटी 40 लाख मिळाले. क्रिकेटमध्ये पोरगी कमावू शकते हे आता गावोगावच्या बापाला माहीत आहे. मग आपल्या मातीतल्या खेळानं काय घोडं मारलं?

लीग काही रिसोडात बसून काढता येत नाही, कबूल. पण आपल्या तालुक्यात जयंतीला, गणपतीत, यात्रेत कबड्डीचे खुले सामने होतातच ना? चौकात बॅनर लागतात, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, नेत्यांचे फोटो. त्या बॅनरवर मुलींच्या गटाची एक ओळ का नाही? बक्षीस पोरांइतकंच ठेवा. खो-खोला लागतं काय? दोन खांब, चुना आणि मोकळी जागा. सामने संध्याकाळी उशिरापर्यंत लांबवू नका आणि खेड्यावरच्या पोरींच्या जाण्या-येण्याची सोय करा. एवढं केलं तरी दहावीनंतर खेळ सुटणाऱ्या काही पोरी मैदानात राहतील.

येत्या गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाकडे मी हे मागणार आहे. बक्षिसातला माझा वाटा आधी देईन, मगच बोलेन. तुमच्या गावात कोण करतंय ते खाली लिहा.

भावाला पूर्ण उत्तर अजून नाहीच. पण पोरीला पुढचा सामना तरी दाखवू शकतो.