वितळलेले डॉलर आणि वर्ध्याचा बंदा रुपया

वर्धा, हिंगणघाट, आर्वी या भागांतील तरुण वाचक अधूनमधून एक प्रश्न विचारतात : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी चांदीचा डॉलर, त्यातही मॉर्गन डॉलर, कोठे मिळेल आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत? माझे उत्तर बहुतेकांना रुचत नाही. मी म्हणतो, तो डॉलर अवश्य पाहा, त्याचा इतिहास वाचा. पण विकत घेण्यापूर्वी घरातील चांदीचा रुपया एकदा भिंगाखाली धरा. त्या डॉलरच्या दुर्मीळतेचा फार मोठा भाग आपल्या रुपयासाठी घडलेला आहे. हा धागा त्याविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी डॉलरची ओळख. १८७८ साली अमेरिकेत ब्लँड-ॲलिसन कायदा संमत झाला. नेवाडातील कॉमस्टॉकसारख्या खाणींतून चांदी मुबलक निघत होती, तिचा भाव घसरत होता, आणि खाणवाल्यांना हक्काचे गिऱ्हाईक हवे होते. सरकारने दरमहा किमान २० लाख व कमाल ४० लाख डॉलर किमतीची चांदी घेऊन तिची नाणी पाडावीत, असे या कायद्याने ठरवले. इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गन या कोरीवकाराने त्यांचा आराखडा केला : एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मुख, दुसऱ्या बाजूस पंख पसरलेला गरुड. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी नव्वद टक्के. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये हे नाणे पाडले गेले.

गंमत अशी, की अमेरिकेतील बऱ्याच भागांत लोकांना ते नकोच होते. एवढे जड नाणे खिशात कोण वागवणार? लोक त्याऐवजी कागदी प्रमाणपत्रे वापरत, आणि नाणी हजार-हजारांच्या पोत्यांत भरून सरकारी तळघरांत रचली जात. आज ज्याच्यासाठी संग्राहक लिलावात झुंजतात, ते त्या काळी अडगळीचे नाणे होते. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत १८९३ साली पाडलेले एक लाख डॉलर किंवा कार्सन सिटीची काही वर्षांची नाणी मुळातच संख्येने कमी होती, हे खरे. पण बाकीच्या कोट्यवधींचे काय झाले?

पहिले महायुद्ध चालू होते. हिंदुस्थानातून ताग, गहू, कापूस, कातडी यांची निर्यात जोरात होती, आणि मेसोपोटेमियात लढणाऱ्या फौजांचा बराचसा खर्चही येथूनच केला जात होता. या सगळ्याचे पैसे शेतकऱ्याला आणि शिपायाच्या घरी रुपयांत द्यावे लागत, आणि आपला माणूस हाती आलेला रुपया सहजासहजी परत सोडत नसे. त्याला तुच्छतेने ‘साठेबाजी’ म्हणण्याची इंग्रज अधिकाऱ्यांची पद्धत मला कधीच पटलेली नाही. ज्या खेड्यात बँक नाही, विमा नाही आणि दर काही वर्षांनी पाऊस दगा देतो, तेथे मडक्यातला रुपया हीच बँक होती. पण सरकारी खजिन्याच्या दृष्टीने परिणाम एकच : रुपये बाहेर जात आणि परत येत नसत.

चांदीचा भाव असा चढला, की रुपया चलनात ठेवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरू लागले. १९१७ मध्ये सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची पहिली नोट निघाली. १९१८ च्या जानेवारीत तर चक्क अडीच रुपयांची नोट काढण्यात आली. लोकांनी नोटा घेतल्या, पण त्यांवर विसंबले मात्र नाहीत. १९१८ च्या मार्चअखेरीस जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली. ती बातमी येथे पोचताच नोटा घेऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. नोटेवर दिलेले वचन पाळायला चांदी पुरणार नाही, अशी वेळ आली.

एवढी चांदी तयार स्थितीत जगात एकाच ठिकाणी होती : अमेरिकेच्या तळघरांतील त्या नकोशा पोत्यांत. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी मंजूर झाला. त्यानुसार ३५ कोटींपर्यंत डॉलर वितळवून ती चांदी औंसामागे किमान एक डॉलर या भावाने विकण्यास परवानगी मिळाली. प्रत्यक्षात २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड रीडिंग, जे तीनच वर्षांनी आपले व्हाइसरॉय होऊन आले.

आता एक हिशेब स्वतः करून पाहा. मॉर्गन डॉलरचे वजन ४१२.५ ग्रेन, त्याचा नऊ-दशांश भाग चांदी, म्हणजे ३७१.२५ ग्रेन. रुपयाचे वजन १८० ग्रेन; त्याचा अकरा-बारांश भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. भागाकार नेमका सव्वादोन येतो. एक डॉलर वितळला, की सव्वादोन रुपयांची चांदी. या हिशेबाने त्या विक्रीतील चांदी सुमारे ५८ कोटी ३० लाख रुपयांना पुरेल एवढी होती. मुंबई आणि कलकत्ता या टांकसाळींनी १९१८ व १९१९ या दोन वर्षांत पंचम जॉर्जच्या छापाचे ८० कोटींच्या वर रुपये पाडले. त्यांतील चांदीच्या मोठ्या हिश्शावर काही महिन्यांपूर्वी गरुड होता.

नाणेशास्त्राच्या दृष्टीने यातील सर्वांत दुःखद गोष्ट वेगळीच आहे. कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी मुशीत गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलरचे छपाईचे आकडे हातात असूनही उरलेल्या नाण्यांची संख्या त्यांवरून सांगता येत नाही. १८९५ साली फिलाडेल्फियात १२ हजार साधे डॉलर पाडल्याची सरकारी नोंद आहे. आज त्यांतील एकही कोठे नाही, केवळ संग्राहकांसाठी खास पाडलेली ८८० नाणी तेवढी माहीत आहेत. ते १२ हजार १९१८ मध्ये वितळले, असे एक मत. ते मुळात आदल्या सालच्या ठशाचे होते, असे दुसरे. नोंद नसली, की इतिहासाची जागा तर्क घेतो.

आणि तर्क कसा तोंडघशी पडतो, तेही ऐका. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर पिटमन कायद्यात जवळजवळ संपला, अशी साठेक वर्षांपूर्वीपर्यंत ठाम समजूत होती. न वापरलेल्या अशा एका नाण्याची किंमत सूचिपुस्तकात १५०० डॉलर छापली जाई. १९६२ च्या अखेरीस एक जुने तळघर उघडले, आणि त्या नाण्यांची सीलबंद पोती बाहेर आली. काही आठवड्यांत किंमत मातीमोल झाली. नाणे तेच, त्याचे सौंदर्य तेच. केवळ किमतीवर प्रेम केलेल्यांचा मात्र घात झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अमेरिकी घडामोडींमुळे वर्ध्यात चांदी येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो १८६२ साली, ऐन तेजीत. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचे नाव मुंबईच्या बाजारात आदराने घेतले जाई. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा कथा त्या तेजीविषयी ठिकठिकाणी सांगितल्या जातात. मी त्या अक्षरशः खऱ्या मानत नाही. पण ज्या पैशाची अशी कथा होते, तो पैसा गावाच्या नजरेत भरण्याइतका होता, एवढे नक्की. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली तेव्हा ती धुंदी उतरली होती.

या कापसावर देखरेख करणारा मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक हा स्वतः नाण्यांचा शौकीन होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याने पुढे मित्र राजांच्या प्राचीन नाण्यांवर १८८० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण छापले. हिंगणघाटच्या गाठी मोजणारा माणूस नाण्यांवरील ब्राह्मी अक्षरेही जुळवत बसे, हे मला फार आवडते.

गाठींवरून आठवले : १८७३ पासून चीनच्या व्यापारासाठी अमेरिकेने जो ‘ट्रेड डॉलर’ काढला, त्यावर स्वातंत्र्यदेवता मालाच्या गाठींवर बसलेली आहे, आणि त्या गाठी कापसाच्या असल्याचे मानले जाते. आमच्याकडच्या जिनिंगवाल्यांना हे नाणे आवडायला हरकत नाही. मात्र याच नाण्याच्या आणि मॉर्गन डॉलरच्या बनावट प्रती आठवडी बाजारापासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सर्वत्र मिळतात. खरा मॉर्गन ३८.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. वजनकाटा आणि लोहचुंबक न वापरता जो असे नाणे घेतो, त्याच्याविषयी मला सहानुभूती वाटते, पण फार नाही.

मूळ मुद्दा असा. १९१८–१९ च्या रुपयाला बाजारात फारशी किंमत नाही, कारण तो कोट्यवधींनी पाडला गेला. संग्राहक त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. त्याच जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र हवा असतो : राजाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली, आणि उरलेल्यांचा भाव वाढला. दुर्मीळतेची ही पूजा मला समजते, पण ती इतिहासाची पूजा नव्हे. अमेरिकेतील संग्राहक ज्या रिकाम्या जागेकडे पाहून हळहळतो, ती जागा रिकामी करणारी चांदी आपल्याकडे कलदार म्हणून, बंदा रुपया म्हणून, कडी जोडून गळ्यातील हमेलीत ओवलेली अशी येऊन राहिली. मानमोडीच्या त्या भयंकर वर्षात ती घरात आली. डॉ. आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये शिकून आल्यावर १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध केले, ते याच रुपयाच्या स्थैर्याविषयी. असा रुपया ‘कॉमन’ म्हणून बाजूला टाकायचा आणि कोठल्यातरी लिलावातील डॉलरचे छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर लावायचे, यात मला विसंगती दिसते.

शिवाय तो रुपया वाटतो तितका सुरक्षित नाही. १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पुन्हा चांदी दिली, सुमारे २२ कोटी ६० लाख औंस. या वेळी उसनी. ती भारत आणि पाकिस्तानने १९५७ च्या सुमारास परत केली, आणि त्यासाठी कमी चांदीची नंतरची नाणी गोळा करून कलकत्त्यात शुद्ध करण्यात आली. जे सरकारच्या मुशीतून वाचले, ते आज सराफाच्या मुशीत जाते. चांदीचा भाव चढला, की पेटीतले राणीछाप आणि राजाछाप वजनावर मोडले जातात. अडचणीत मोडणाऱ्याला मी दोष देणार नाही. ती चांदी त्यासाठीच ठेवलेली असते. पण मोडण्यापूर्वी पाच मिनिटे नोंद करायला काय हरकत आहे? १९१८ च्या अमेरिकेने जी चूक केली, तीच आपण दर दिवाळीला करत आहोत.

नोंद करताना साल लिहा. मागील बाजूस खाली कमळ आहे, त्याखाली बारीक टिंब असेल तर नाणे मुंबईचे, नसेल तर कलकत्त्याचे. वजन लिहा, न झिजलेला रुपया ११.६६ ग्रॅम भरतो, आणि किती झिजला यावरून तो किती हिंडला ते कळते. तो कोणाकडून आला, कापसाच्या पैशातला की लग्नातला, हे घरातील वयस्कर माणसाला विचारून लिहा. चिंच, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. तो काळसर थर शंभर वर्षांत आलेला आहे. कडी जोडलेले नाणे सूचिपुस्तकाच्या लेखी खराब असते. माझ्या लेखी ते अधिक मोलाचे, कारण ते कोणीतरी अंगावर वागवल्याचा तो पुरावा आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी ठाऊक असू द्या. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे उलटलेले नाणे पुरावशेष ठरते. १९१८–१९ चा रुपया ती मर्यादा ओलांडून गेला आहे, त्यामुळे परदेशातील मित्राच्या डॉलरशी तो अदलाबदल करण्याच्या भानगडीत पडू नका.

वर्धा जिल्ह्यातील ज्यांच्या घरी १९१८ ते १९२० चे रुपये आहेत, त्यांनी साल, टिंब आहे की नाही, वजन आणि तालुका एवढेच खाली लिहावे. घरात किती नाणी आहेत, हे मात्र कोणी लिहू नये.